फेगडे विरुद्ध मॅडम

“मॅडम, तुम्ही कधी केळीचा घड खांद्यावर घेतलाय?”

मी बोलता बोलता थांबले. जळगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत स्टुलावर पुस्तकांचा ढीग, त्यावर लॅपटॉप आणि समोर कॉटवर मांडी घालून मी, असा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा तास चालू होता. करोनामुळे कॉलेज बंद होतं. तीन तुकड्या एकत्र करून माझ्या गळ्यात बांधल्या होत्या. तीनशेच्या वर मुलं. खरं तर तीनशेच्या वर नावं. काळे चौकोन आणि त्यात पांढऱ्या अक्षरात एकेक नाव.

त्या चौकोनांना जागं करायला मी काय काय केलं नव्हतं! कॅमेरे लावा म्हणून सांगितलं, तर अर्धा वर्ग नेट गेल्याचं सांगून पसार. मध्येच नाव पुकारून प्रश्न विचारला, तर मिनिटभर शांतता आणि मग चॅटमध्ये “हजर मॅडम”. विनोद सांगितले. ते सांगून झाल्यावर एकटीच हसले. सगळ्यात वाईट म्हणजे तास संपायचा, मी “चला, उद्या भेटू” म्हणायचे आणि तरी साठसत्तर नावं तशीच राहायची. जिथल्या तिथे. कारण फोनजवळ कोणी नसायचंच. एकदा मी मुद्दाम वाक्य अर्धवट सोडून गप्प बसले. बराच वेळ बसले. एकानेही विचारलं नाही की मॅडम, आवाज येत नाही का?

आणि आज अचानक हा आवाज. तरुण, कोरडा, चिडका.

“कोण बोलतंय?”

“फेगडे. प्रज्वल फेगडे. रावेरकडून.”

“नाही घेतला मी घड,” मी म्हटलं. “तू घेतलायस?”

“आमची केळीची बाग आहे, मॅडम.”

“ते नाही विचारलं. तू स्वतः घेतलायस का?”

“आमच्याकडे त्याला माणसं आहेत.”

“त्याच माणसांबद्दल बोलतेय मी. त्यांच्या मजुरीबद्दल. बस खाली.”

‘बस खाली’ तोंडातून गेलं आणि मग कळलं की तो बसलेलाच असणार. चॅटमध्ये हसण्याची चित्रं धबधब्यासारखी कोसळायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा माझ्या वर्गात माणसं आहेत असं दिसलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्वल तयारीने आला. सरकारने मजुरी ठरवून दिली की मालक माणसं कमी करतो, यंत्र आणतो, तोटा मजुराचाच होतो, असं त्याचं म्हणणं. मी ते खोडून काढलं. त्याने माझं खोडून काढलं. मी म्हटलं, पुस्तक वाचून ये. तो म्हणाला, पुस्तक लिहिणाऱ्याला एक दिवस बागेत पाठवा. त्याच्या बोलण्याची गंमत अशी होती की एक वाक्य कॉलेजातल्या पोराचं असायचं आणि पुढचं एखाद्या बाप्याने पारावर बसून टाकल्यासारखं. “मजुराला सावली दिली की तो झाड मागतो, मॅडम,” असं काहीतरी. एकोणीस वर्षांचं पोर असं कुठून बोलायला शिकलं, याचा मी विचार केला नाही. मला फक्त त्याचा राग यायचा.

राग म्हणजे अगदी मनापासूनचा. त्याचं नाव पडद्यावर दिसलं की मानेची शीर आखडायची. तो बोलायचाही तसाच, मला खाली पाडण्यासाठी. मी एखादा आकडा चुकले की तो लगेच म्हणायचा, “आकडा पुन्हा सांगा, मॅडम, लिहून घ्यायचाय.” आणि मग चुकीवर बोट ठेवायचा.

पण वर्ग भरायला लागला. मुलांनी व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवायला सुरुवात केली: ‘उद्या अकराला. फेगडे विरुद्ध मॅडम.’ कोणी त्याच्या बाजूने, कोणी माझ्या. शिव्या एकमेकांना द्यायचे, पण त्यासाठी वाचून यायचे. यावलची एक मुलगी माझ्या बाजूने इतकी तावातावाने भांडायची की मलाच तिला आवरावं लागायचं. तास संपल्यावर उरणारी नावं हळूहळू नाहीशी झाली, कारण आता मी “चला” म्हटलं की सगळे एकदम बाहेर पडायचे आणि भांडण बाहेर चालू ठेवायचे.

विभागप्रमुख वाणी सरांचा फोन आला. “ढवळे मॅडम, तुमच्या तासाला म्हणे आखाडा असतो?”

“चर्चा असते, सर.”

“चर्चा! पालकांच्या तक्रारी आल्या तर मी तुमच्यामागे उभा राहणार नाही, हे आत्ताच सांगतो. आणि दिवाळीनंतर तुमची मुदत संपतेय. संस्थेचे संचालक तास बघायला बसणार आहेत. बघा, काय दाखवायचं ते.”

मी कंत्राटावर होते. वाणी सरांना माझ्या जागी त्यांच्या ओळखीतला कोणी आणायचा होता, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यांनी ते कधी लपवलंही नाही.

ही मुदतीची गोष्ट प्रज्वलला कुठून कळली कोण जाणे. त्या आठवड्यात ऐन तासात तो म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तुम्ही एवढं किमान वेतन शिकवता. तुम्हाला स्वतःला तरी मिळतं का?”

चॅट थांबलं. सगळ्यांना कळलं की हे विषयावरचं नव्हतं.

“नाही मिळत,” मी म्हटलं.

“मग सोडून का देत नाही काम? आम्ही कोणाला बांधून ठेवत नाही. ज्याला परवडत नाही त्याने जावं.”

आवाज शांत ठेवून मी म्हटलं, “फेगडे, इतके दिवस मी तुझं ऐकतेय. तुझ्या बोलण्यातलं एकही वाक्य तुझं नाही. सगळी उसनी आहेत. कोणाची ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. ज्या दिवशी स्वतःच्या डोक्याने एक वाक्य बोलशील, त्या दिवशी ये. तोवर गप्प बस.”

पलीकडे काहीतरी खरडल्यासारखा आवाज झाला, खुर्ची सरकल्यासारखा. मग त्याचा माइक बंद झाला. मी जिंकले होते. दिवसभर मला फार बरं वाटत होतं.

संचालकांचा तास त्यानंतर लगेचच होता. वाणी सर आणि ते, दोघांचे चेहरे तेवढे पडद्यावर. बाकी काळे चौकोन. संचालक चहा पीत होते. मी विषय मांडला आणि प्रश्न टाकला. शांतता. दुसरा प्रश्न. शांतता. यावलच्या त्या मुलीला नावाने हाक मारली, तर चॅटमध्ये उत्तर आलं: “हजर मॅडम.”

मला कळलं. प्रज्वल गप्प होता, म्हणून सगळे गप्प होते. त्याच्या बाजूचे त्याच्यासाठी गप्प, माझ्या बाजूचे समोर कोणी नाही म्हणून. त्याचं नाव तिथेच होतं, वरून दुसऱ्या ओळीत. माझा तास पडताना बघायला आला होता, असं मला वाटलं.

“मॅडम,” वाणी सर गोड आवाजात म्हणाले, “मुलं आहेत ना वर्गात, की नुसती नावंच?”

मग मी एक केलं. ठरवून नव्हे, चिडून केलं. म्हटलं, “आज फेगडे बोलत नाहीये. हरकत नाही, त्याची बाजू मीच मांडते. नीट ऐका. बागाईतदाराचं म्हणणं असं आहे की मजूर म्हणजे खताचं पोतं. स्वस्त मिळालं तर घ्यायचं, महाग झालं तर दुसरीकडे बघायचं. तो आजारी पडो, उपाशी राहो, मालकाला काय त्याचं? मालक कधी त्याच्या दारात गेलाय? मालकाला त्याचं नावही माहीत नसतं. हे फेगडेचं म्हणणं. बरोबर ना?”

त्याचं म्हणणं असं कधीच नव्हतं, हे मला माहीत होतं. वाकडं करून मांडलं की तो चवताळून बोलेल, एवढाच माझा हिशेब.

प्रज्वलच्या चौकोनाची कड हिरवी झाली. पण आवाज त्याचा नव्हता.

“ओ बाई! थांबा जरा. हे मी कधी म्हनलो?”

जाडा, वयस्क आवाज. संचालकांचा कप तोंडाशीच राहिला.

“मजूर म्हंजे खताचं पोतं, असं मी कधी म्हनलो? नाव माहीत नाही म्हनता? माह्या एकेका मानसाच्या बापाचं नाव मले माहीत हाये. त्याईच्या पोरींच्या लग्नात मी पंगतीत वाढलो. तुमी काय सांगून ऱ्हायल्या पोराईले?”

“आपण कोण?” मी विचारलं.

“पंडित फेगडे. प्रज्वलचा बाप. पहिल्या दिसापासून बसतो मी इथी. तुमी जे जे बोल्ल्या ते सगळं ऐकलं हाये मी. आन् त्याले सांगतो, असं विचार, तसं विचार. आज गप बसला हा. म्हने, मी नाही बोलत. मंग मी काय माह्याच तोंडावर अशी बदनामी ऐकून घेऊ?”

त्या क्षणी मला सगळं उमगलं. ‘एकही वाक्य तुझं नाही.’ ते मी त्या पोराला त्याच्या बापाच्या पुढ्यात ऐकवलं होतं, तीनशे मुलांसमोर. कितीही चिडून बोलले असले तरी, बाण लागायचा तिथेच लागला होता.

पंडित फेगडे थांबायला तयार नव्हते. “यंदा रोग पडला बागेवर. उभी झाडं उपटून फेकली. दुसरा असता तर म्हनला असता, जा घरी. मी एकाले घरी पाठवलं नाही. सगळ्याईले काम दिलं. बरोबर रोज दिला. हे लिहा तुमच्या पुस्तकात!”

“आबा, बरोबर नाही दिला.”

हा प्रज्वल. आवाज एवढा बारीक की मी लॅपटॉपकडे वाकले.

“काय म्हनला?”

“बरोबर नाही दिला. झाडं उपटायला गडी आलेच नाहीत, करोनाला भ्याले होते. सगळी झाडं बायांनी उपटली. गड्याचं काम केलं. आणि मजुरी दिली ती बाईच्या रोजाची, गड्याच्या रोजाहून कमी.”

“मंग बायाईले बाईचाच रोज भेटतो ना! त्या काही बोल्ल्या का? एक तरी नाही म्हनली का?”

“त्यांना नाही म्हणता येत नाही, आबा. म्हणून नाही म्हणाल्या.” आता आवाज मोठा होत चालला होता. “ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला आपण देतो तो भाव नसतो. ती आपली मर्जी असते. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. तुम्ही हसलात. मी लिहून घेतलं होतं.”

ते वाक्य मी तासाला सांगितलं होतं, वर्ग मेलेला असताना. दोनदा सांगून “लिहून घ्या” म्हटलं होतं आणि कोणी घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

“बंद कर ते,” बाप म्हणाला.

“नाही. मॅडम म्हणाल्या, एक वाक्य तुझं बोल. बोलतो. मी रोज इथे बसून तुमचं बोलतो. मला अकाउंट शिकायला पुण्याला जायचं होतं, तुम्ही म्हणालात, बाग कोण बघणार. मी काही बोललो नाही. तुम्ही म्हणालात, त्या बाईला असं विचार, मी विचारलं. मला लाज वाटत होती तरी विचारलं. मलाही नाही म्हणता येत नाही, आबा. तुमच्या घरात कोणालाच—”

काहीतरी आपटल्याचा मोठा आवाज झाला. एक बाई ओरडली, त्याची आई असावी. आणि पडद्यावरून प्रज्वल फेगडे हे नाव गेलं.

बाकीचे चौकोन सरकून त्याची जागा भरून निघाली.

यावलची मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, त्याला फोन करा ना. आत्ता करा.”

संचालकांनी घसा साफ केला. “वा! जिवंत तास झाला, मॅडम. विद्यार्थी आणि पालक, दोन्ही सहभागी! असं आमच्या सगळ्या विभागांत व्हायला पाहिजे.” वाणी सरांचा चेहरा आंबला होता. माझी मुदत वाढली ती त्याच तासाने. मी आभार मानले नाहीत, हे संचालकांच्या लक्षातही आलं नाही.

फोन लागत नव्हता. दोन दिवसांनी लागला तो बापाने उचलला. “तुमचा तास झाला ना, बाई? मंग आता माह्या घरात काबर येता?” एवढं बोलून बंद केला.

प्रज्वल तासाला येईना. पहिले काही दिवस मुलं त्याची वाट बघत होती. मग नावं पुन्हा तशीच झाली, तास संपल्यावर मागे उरणारी. शेवटी एका रविवारी मी एसटीने रावेरला आणि तिथून रिक्षाने त्यांच्या गावाला गेले.

पंडित फेगडे ओट्यावर बसले होते. उंच, हाडापेराने मोठा माणूस. आवाजावरून वाटला होता त्याहून थकलेला. त्यांनी मला ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने आतून खुर्ची आणून ठेवली आणि ती पदर सावरत आत गेली.

“पोरगं इथी नाही,” ते म्हणाले. “बऱ्हानपूरले गेलं, मामाकडं. मी मारलं त्याले. जनमात पहिल्यांदा मारलं. तुमच्यापायी.”

“माझ्यापायी नाही,” मी म्हटलं. “तो खरं बोलला म्हणून मारलंत.”

“माह्या ओट्यावर येऊन मले शिकवता?”

“तुम्ही माझ्या वर्गात येऊन मला शिकवत होतात.”

आम्ही दोघं एकमेकांकडे रागाने बघत राहिलो. ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती. मग ते रस्त्याकडे बघत बोलले. “सातवीत शाळा सोडली मी. बाप वारला होता. या पोराचा तास सुरू झाला तं म्हनलं, बघू तरी, कॉलेजात काय सांगतात. तुमचं बोलनं पटे नाही मले. पन कळे. पुऱ्या तासात उठत नव्हतो मी. पानी प्यायलेबी नाही. तुमच्या त्या तीनशे पोराईत इतका बसनारा दाखवा मले एक.”

मला एकही दाखवता आला नसता.

“बायांचा रोज वाढवलात?” मी विचारलं.

“नाही वाढवला. आन् तुमी सांगितलं म्हनून तर वाढवनारच नाही.” ते उठले. मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली. तेव्हा पाठमोरेच ते म्हणाले, “मामाच्या घरी नेट हाये. तो बसतो म्हने तासाले, दुसऱ्या नावानं. माह्याशी फोनवर बोलत नाही. आईशी बोलतो.” मग, एखादी शिवी दिल्यासारखं: “तासाची ती लिंक पाठवा मले.”

मी पाठवली. नियमात बसत नव्हतं, वाणी सर म्हणालेच, “बाहेरचा माणूस वर्गात कसा?” मी म्हटलं, “सर, तोच एक वर्गात आहे.”

सोमवारी नावांच्या गर्दीत ‘पंडित फेगडे’ हे नाव आलं. मी खंडाचं, म्हणजे कसायला दिलेल्या जमिनीच्या भाड्याचं, प्रकरण काढलं. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, पीक कोणाचं, असा प्रश्न टाकला. वर्ग नेहमीसारखा मुका. मग जाड आवाज: “जमीन ज्याची, पीक त्याचं. यात विचारायचं काय?”

कुठल्यातरी भलत्याच नावाच्या एका चौकोनाची कड हिरवी झाली.

“चूक,” प्रज्वल म्हणाला.

“कोन बोलते?”

“मी बोलतोय, आबा. तुम्ही चूक बोलताय. आणि का चूक, ते सांगतो.”

चॅट पेटलं. त्या दिवशी तास संपल्यावर एकही नाव मागे राहिलं नाही.

वर्ष संपेपर्यंत ते चाललं. मी विषय मांडायचे आणि बाजूला व्हायचे. बाप गरजायचा, पोरगा पुस्तकं वाचून यायचा आणि त्याचा एकेक मुद्दा सोलून काढायचा. बापही वाचायला लागला असावा, कारण एकदा त्याने खंडाचा आकडा असा सांगितला की प्रज्वल अडला आणि बाप एवढ्या मोठ्याने हसला की कोणीतरी म्यूट केलं. त्यात प्रेमाचा शब्द एक नव्हता. “ए शहाण्या” आणि “तुम्हाला कळत नाही” एवढंच. मला दोघंही माफ करणार नाहीत, हे दोघांनी वेगवेगळ्या तासांना स्वच्छ सांगितलं. परीक्षेत त्या वर्गाचा अर्थशास्त्राचा निकाल कॉलेजात सगळ्यात वरचा लागला. वाणी सरांनी त्यावर अहवाल लिहिला आणि खाली स्वतःची सही केली.

पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं. बाकं, खडू, घामाचा वास, खिडकीतून ओरडणारी मुलं. प्रज्वल जळगावात खोली घेऊन राहायला लागला. तासाला मागच्या बाकावर बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. परीक्षेच्या सुमारास जिन्यात समोरासमोर आलो. त्याने नमस्कार केला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती. पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

“आबा काय म्हणतात?”

त्याने खांद्यावरची सॅक नीट केली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याचं काहीतरी काढून घेतलं होतं.

“मला काय माहीत, मॅडम,” तो म्हणाला. “ऑनलाइन तास बंद झाले ना.”